शेवटची तीन अक्षरं

उद्यमनगरच्या मागच्या बोळात
आमचा पॅटर्नचा कारखाना, वर आम्ही राहतो.
सागवानाचा भुसा जिन्यानं वर येतो,
कीबोर्डच्या फटींत बसतो.
शनिवारी मी तो जुन्या दाढीच्या ब्रशनं झाडते.
कॉम्प्युटरची काळजी म्हणजे एवढीच, असं वाटायचं.

त्या सकाळी एकही ड्रॉइंग उघडेना.
पंपाची बॉडी, व्हॉल्वचं झाकण,
शिरोलीच्या फाउंड्रीला सोमवारी द्यायचा इम्पेलर,
बावीस वर्षांची कामं.
नावं तीच, पण प्रत्येकाच्या शेपटाला
कुठलंसं परकं आडनाव चिकटलेलं.
मधोमध एक चिठ्ठी:
पैसे टाका, किल्ली घ्या.
फार सभ्य होती चिठ्ठी.
शेवटी धन्यवादही.

हे म्हणाले, "इंद्यानं गेम टाकला असणार."
सासरे म्हणाले, "दुसरं कोण?"
इंद्रजित, नणंदेचा, अकरावीतला, सुट्टीला आलेला,
अर्धी भाकरी ताटात ठेवून उठला.
मी त्याच्या ताटावर झाकण ठेवलं.
बोलले नाही.

सदर बाजारातनं शाहीन शिकलगार आली.
चहाला नको म्हणाली, आधी इंटरनेटची वायर उपटली.
"ह्याला पहिला एकटा पाडतो, वहिनी. मग बघतो."
तिचा आजा धार लावायचा,
सासऱ्यांच्या रंध्यांची पाती त्याच्याकडंच जायची.
ही पण तशीच बसली, वाकून,
एक डोळा बारीक करून,
पात्यावरची खोड शोधावी तशी.

"दार फोडलेलं न्हाई कुणी," ती म्हणाली,
"आतनं कडी निघालीया."

मग कुठल्याशा चौकटीत तिनं एक खूण काढली
आणि फायलींची झाकलेली शेवटची अक्षरं
उघडी पडली.
"हे बघा. वीजबिल म्हणून आलंय.
चित्र बिलाचं, नावात बिल, पीडीएफ पण लिवलंय,
पण खरं आडनाव त्याच्या म्होरं. ईएक्सई.
कागद न्हवं हा, गडी आहे.
दोनदा दाबलं की कामाला लागतो."

तारीख अकरा दिवसांपूर्वीची.
दुपारी दोन चाळीस.

अकरा दिवस तो गडी घरात राहिला,
चूल, कपाटं, कुलपं मोजत,
आम्ही जेवताना, आम्ही झोपताना.
आणि इंद्या आला त्याला आठच दिवस झालेत.

शाहीननं कुणाकडं बघितलं नाही.
ती नुसतीच माऊस पुसत बसली.

"मी," म्हणाले.
आज रात्री लाइट तोडणार, असं आलं होतं.
दाबलं, काही उघडलं नाही, म्हणून परत दाबलं.
कोपऱ्यात एक लाल चौकट आली होती, थांब म्हणत.
मी ती बंद केली.
घाईत असताना नको म्हणणारं माणूस
कुणाला आवडतं?

"दुसरीकडं कुठं ठेवलंय का हे सगळं?" शाहीननं विचारलं.
महापुराच्या वर्षी आम्ही लाकडी पॅटर्न
पोटमाळ्यावर दोरीनं बांधून ठेवले होते.
ड्रॉइंग कशाला भिजतात, म्हणालो होतो.

सासरे काही न बोलता शिडी लावून चढले.
खाली आले तेव्हा डोक्यावर जाळी,
छातीशी इम्पेलर.
कॅलिपर घेऊन ते मापं सांगत बसले,
मी कागदावर लिहीत गेले.
बुधवार उजाडला. शिरोलीचा माणूस बोलला, आम्ही ऐकून घेतलं.
पैसे भरले नाहीत.
चाळीसेक ड्रॉइंग गेली ती गेलीच.

शाहीननं सगळं पुसून पुन्हा मांडून दिलं.
मला वेगळं खातं केलं, साधं,
काही नवीन बसवायचं तर ते ह्यांचा पासवर्ड मागतं.
मला राग आला. मग नाही आला.
शनिवारी ब्रशच्या आधी आता कॉपी,
मग ती डिस्क, वायर काढून,
पोटमाळ्यावर, पॅटर्नच्या शेजारी.

इंद्या गेला गडहिंग्लजला.
जाताना पाया पडला, तेव्हा मी म्हणाले, "चुकलं रे माझं."
तो म्हणाला, "मामी, भाकरी गार झाली होती, एवढंच."

काल पुन्हा एक बिल आलंय.
नाव बरोबर, ग्राहक क्रमांकसुद्धा बरोबर.
शेवटची तीन अक्षरं वाचली, तरी हात तिथंच.
खाली रंधा चाललाय.
इंद्याला फोन लावलाय.
वाजतोय.